बारवेच्या पायऱ्या उघड्याच आहेत, वहिनी

वहिनी, ज्येष्ठ सरला आणि आपल्या बारवेचं पाणी पिऊन यंदा गावात एकालाही नारू झाला नाही. एकालाही! मी स्वतः घरोघर फिरलो. म्हाताऱ्यांना धोतरं गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, पोरांच्या घोट्यांवरून अंगठा फिरवून बघितला. लोक म्हणाले, कंपाउंडरला वेड लागलं. लागलंच होतं. शेवटचं घर झालं तसा मी जवळजवळ पळतच आपल्या ओसरीवर आलो आणि तोंडातून "वहिनी, ओ वहिनी" अशी हाकही निघून गेली. चुलीपुढे तुमची सून बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला. मी जोड्यात पाय घातले आणि परत फिरलो.

फाल्गुनात तुम्ही गेलात. शिमग्यासाठी मी गावातच होतो. भाकरी थापता थापता छातीत कळ आली म्हणालात, दरदरून घाम फुटला, डावा हात जड पडला आणि मी माझी औषधांची पेटी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दुखण्यावर माझ्या पेटीत काही नव्हतं, जालन्याच्या दवाखान्यातही नसावं. पण ते असो. भेटायला आलेल्यांनी त्यावर पुष्कळ बोलून घेतलं. मला बोलायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. एवढं रंगात आलेलं भांडण अर्ध्यावर टाकून जाणं तुम्हाला शोभलं नाही.

नारू म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगावं हा तसा आगाऊपणाच. लग्न होऊन या घरात आलात तेव्हाच तुमचा उजवा गुडघा आखडलेला होता. लहानपणी माहेरी कुणीतरी घाईनं किडा ओढला, तो आतच तुटला, पाय भोपळ्याएवढा सुजला आणि पू वाहून वाहून बरा झाला तेव्हा टाच जमिनीला टेकेनाशी झाली. तरी घरात सगळ्यांत आधी उठून सगळ्यांत भराभर चालायचात तुम्हीच. आम्ही पोरं तुमच्या चालीची नक्कल करायचो आणि तुम्ही आम्हाला पकडून दाखवायचात.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पडायचंच. आधी अंगाला खाज, पित्त उठल्यासारख्या गांधी, बारीक ताप. मग घोट्यापाशी फोड. तो फुटला की आतून पांढरा दोरा डोकं काढायचा, शिजलेल्या शेवईसारखा. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, जीव मुठीत धरून, कारण तुटला तर तुमच्या गुडघ्यासारखी गत. ऐन पेरणीच्या तोंडावर दादा खाटेवर काडी धरून बसलेला आणि बैल दावणीला रिकामे, हे चित्र मी किती वेळा बघितलं! वैदू कांदा-हिंगाचं पोटीस बांधायचा, कुणी बिब्बा घालायचं, कुणी देवीला नारळ. किडा आपल्या गतीनंच यायचा.

आणि त्या जखमेची आग! निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी, असं दादा म्हणायचा. तिच्यावर गावाचा एकच उतारा होता. माणसाला धरून बारवेच्या शेवटच्या पायरीवर न्यायचं आणि पाय पाण्यात सोडून बसू द्यायचं. थंडगार पाणी लागलं की तो डोळे मिटून सुस्कारा टाकायचा. पाणी भरणाऱ्या बाया त्याला ऊठ म्हणायच्या नाहीत, अंग चोरून बाजूनं वाकायच्या आणि कळशी बुडवून घ्यायच्या. नारूवाल्याला शेवटची पायरी सोडायची, ही आपली रीत. गावात एरवी बांधावरून डोकी फुटायची, पण ही रीत कुणी मोडली नाही. दयेचीच रीत होती ती.

मी जालन्याला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर झालो तेव्हा हेच सगळं डॉक्टरसाहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. साहेब हैदराबादचे, पान खाऊन सावकाश बोलणारे. मी म्हणालो, आमच्याकडे उन्हाळ्यात रक्त तापतं आणि खराब शीर बाहेर पडते. ते हसले नाहीत. म्हणाले, "शीर नै है मियाँ, मादी है. पेट में बच्चे लेको बैठी है. पानी का रस्ता देख री."

मग त्यांनी समजावलं आणि मी खुर्चीची कड धरून ऐकत राहिलो. पाय पाण्यात गेला की ती मादी पिलं सोडते. पाण्यात बारीक पिसवा असतात, त्या ती पिलं खातात. आपण पाण्याबरोबर त्या पिसवा पितो. पिसू पोटात मरते, पिलू मरत नाही. ते अंगात वाढतं आणि वर्षभरानं पायापर्यंत पोचून फोड आणतं. म्हणजे एका उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात घोट्यातून बाहेर येतं! आग होते ती त्या मादीचीच करणी, माणसानं पाण्याकडे धावावं म्हणून. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. इतकी वर्षं आपल्या घरात बसून आपल्याला नाचवणारा चोर सापडला होता! जालन्याहून परतूरपर्यंत रेल्वेत मला एका जागी बसवेना, आणि परतूरहून पुढे बैलगाडीत गाडीवानाला मी तेच तेच सांगत राहिलो.

घरी आलो तेव्हा तुम्ही लसूण सोलत होतात.

"वहिनी, नारू पाण्यातून येतो!"

"आन पाण्यात कुठून येतो?"

"पायातून."

"आन पायात?"

"पाण्यातून."

"वा, भाऊजी! एवढं खर्चा करून जालन्याला हेच शिकून आल्ते व्हय? घाण्याचा बैल बरा, त्याला तेल तरी निघतंय."

तुम्ही लसणाची टरफलं फुंकलीत ती माझ्या अंगावर. तेव्हा मी साहेबांनी मला विचारलेला प्रश्न तुम्हाला विचारला. गावात नारू कुणाला होत नाही? तुम्ही विचार करू लागलात. एकेक आळी मनातल्या मनात फिरून आलात आणि म्हणालात, "गावकुसाबाहेरच्या वस्तीत न्हाई होत. त्यांना आपुन बारवेवर कुठं येऊ देतो? ते वढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी पितेत."

हात थांबले. 

"मंग भाऊजी," तुम्ही म्हणालात, "पाणी बाटवून कोण राह्यलंय?"

या प्रश्नाला गावानं अजून उत्तर दिलेलं नाही, वहिनी. मीही दिलेलं नाही. तुम्ही तो पुढे दोनदा पंगतीत काढलात आणि दोन्ही वेळा दादा ताटावरून उठून गेला. आता कोण काढणार?

पण नारूचं तुम्हाला पटलं, असं समजून मी कामाला लागलो आणि तिथंच आपलं बिनसलं. साहेबांनी सोपा उपाय सांगितला होता. पायऱ्या भिंत घालून बुजवा, वर रहाट बसवा, दोरानं पाणी काढा. पायच पाण्याला लागला नाही की किड्याचा खेळ खलास. पाटलांना पटलं. त्यांच्या घरातही दोन माणसं खाटेवर होती. बारवेच्या वर दगड येऊन पडले. मी छाती फुगवून तुम्हाला सांगायला आलो आणि तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात.

"पायऱ्या बुजवायच्या न्हाईत."

"अहो, पण..."

"घरात सासू, वसरीवर सासरा, शेतात नवरा. बाईनं रडायचं कुठं? हसायचं कुठं? लेकीचं लग्न जमलं तर आधी सांगायचं कुणाला? ती पायरी हाय म्हणून आमी घटकाभर बूड टेकतो. रहाटावर एक जण वढती आन बाकीच्या घागरी घेऊन उभ्या. तिथं बसती कोण?"

"तुम्हाला गप्पा हव्यात का पाय हवेत?" मी चिडून विचारलं.

"दोन्ही," तुम्ही म्हणालात. "आमाला दोन्ही पाहिजेत."

त्यानंतर आपण किती भांडलो! मी सुट्टीला आलो की पहिला चहा व्हायच्या आत सुरुवात. भिंतीच्या त्या दगडांवर तुम्ही कुरडया वाळत घातल्यात आणि मला हाक मारून दाखवल्यात. "बघा भाऊजी, तुमच्या भिताडाचा कायतरी उपेग झाला." मी म्हणायचो तुम्ही हट्टी, तुम्ही म्हणायचात मी दवाखान्याचा पोपट. बाया पाय सोडायच्याच, किडे निघायचेच आणि पाटील मिस्त्रीला बोलावतो बोलावतो म्हणत काढणीत, लग्नांत गुंतून जायचे.

मागच्या वैशाखात गावात फोडांची नुकतीच सुरुवात होत होती, तेवढ्यात तुमच्याच डाव्या घोट्याला फोड आला. मी सुट्टीवर होतो. मला वाटलं आता तरी वहिनी नरमतील. तर तुम्ही निरोप धाडलात, भिंग घेऊन बारवेवर जल्दी या. ते भिंग साहेबांनी मला दिलेलं, तुम्ही एरवी त्याला भाऊजींचा तिसरा डोळा म्हणायचात. मी पोचलो तर वरच्या धोंड्यावर तुम्ही बसलेल्या, पुढे आपलं न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ पाण्यानं भरलेलं आणि भोवती निम्म्या गावच्या बाया. रोज सकाळी पाणी भरायला येणाऱ्या सगळ्या तुम्ही अडवून ठेवल्या होत्या.

"बघा गं," म्हणालात आणि फुटलेला पाय घंगाळात सोडलात.

क्षणभर काही झालं नाही. मग जखमेच्या तोंडातून पांढरट धूर निघावा तसं काहीतरी पाण्यात पसरलं. थांबलं. पुन्हा पसरलं. दुधाचा थेंब पडल्यासारखं. बाया पुढे झुकल्या. मी एक थेंब नखावर घेऊन भिंग धरलं. साहेबांनी सांगितलं होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं. नुसती वळवळ! एकेकीनं येऊन डोळा लावला. मग तुम्ही माझ्याकडून काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी आणवलंत आणि उन्हात धरायला लावलंत. त्यात टिंबाएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते. या पिसवा, त्या पिलांना खाणाऱ्या. नंतर तेच पाणी लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळलंत. पेला पुन्हा उन्हात. पाणी नितळ, आणि पदरावर ठिपके.

 एक जण बाजूला जाऊन ओकली. शेजारच्या सोपानाची आई हळूच म्हणाली, "म्या काल तिथंच पाय सोडून बसल्ते."

"मी बी बसले की गं, लहानपणापासून," तुम्ही म्हणालात. "आपुन सगळ्या एकमेकींना दया करू करू हेच पाजून राह्यलो."

वहिनी, मी दवाखान्यात पुष्कळ मोठी माणसं बोलताना ऐकली आहेत. अंगावर काटा आला तो त्या एका सकाळी.

त्याच दिवशी तुम्ही पाटलांकडून वर्षाची मुदत मागून घेतलीत. ज्याचा पाय फुटला त्यानं पायरी उतरायची नाही. त्याला थंडावा पाहिजे तर तो वर घंगाळात मिळेल, पाणी बाया वर आणून देतील. वापरलेलं पाणी लांब उन्हात कोरड्या जमिनीवर ओतायचं. प्रत्येक घागरीच्या तोंडाला दुहेरी कापड. पाटील म्हणाले, "ठीक हाय. पण पुढच्या उन्हाळ्यात एक जरी पाय फुटलेला दिसला तर भित बिलकुल घालणार." मी लगेच म्हणालो, मान्य. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी तुमचा दीर नसतो तर मला त्याच घंगाळात बुडवलं असतंत.

आणि मग ते वर्ष! किती मजा आली, वहिनी! नवऱ्याचं कधी नाव न घेणारी बाई, ती पहिल्याच आठवड्यात दोन्ही हात पसरून दादाच्या आडवी उभी राहिली. दादाचा पाय फुटला होता, तो लंगडत बारवेवर आला होता. माझ्याकडे येऊन ओरडला, "अरे, ही बाई मला पाण्याला शिवू देईना!" मी म्हणालो, बरोबर करतात. अर्ध्या तासानं बघितलं तर दादा वर घंगाळात पाय सोडून बसलेला, तोंड रुसल्या म्हशीसारखं, आणि चार बाया खालून कळशा आणून ओतताहेत, पदराआड हसताहेत. दुसऱ्या दिवसापासून कुणाही पुरुषानं कुरकुर केली नाही. पाटलांच्या घरचेही वरच बसले.

एक गोष्ट मी तुमच्यापासून राखून ठेवली होती. घंगाळाची हकिकत मी जालन्याला साहेबांना सांगितली तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. म्हणाले, "तुम्हारी भाभी को मेरा सलाम बोलो. बराबर बोलो, भूलना नै." मी विसरलो नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर त्या सलामाच्या तोऱ्यात वर्षभर मला घरात पाऊल ठेवू दिलं नसतंत, म्हणून उन्हाळ्याचा निकाल लागल्यावर सांगू म्हटलं. आता सांगतो. सलाम, वहिनी. साहेबांचा, आणि त्याच्यामागे माझाही.

तुम्ही गेल्यावर मला एकच धास्ती होती. घंगाळ उचलून कुणी घरी नेईल. कापडं फाटतील, नवी कोण बांधणार? तुमचा आवाज बारवेवर नसला की आग होणारा पाय खाली उतरायला कितीसा वेळ लागतो! एक पाय एकदा बुडाला तरी सगळं वर्ष पाण्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खाटा. मी साहेबांकडून रजा काढून गावात येऊन बसलो. चैत्र गेला, काही नाही. वैशाख गेला, काही नाही. मला झोपेतसुद्धा हसू फुटायचं.

आणि ज्येष्ठात बातमी आली. सोपानाच्या घरच्या नव्या सुनेचा पाय फुटला.

पोरगी भोकरदनकडची, चैत्रात लग्न होऊन आलेली. हिशेब सरळ होता. किडा तिनं गेल्या उन्हाळ्यात माहेरी प्यायला होता, आपल्या बारवेचा त्यात काही दोष नव्हता. पण पाटलांना हिशेब नको होता. "एक पाय म्हंजे एक पाय. शब्द झाल्ता," असं म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि मला म्हणाले, "चला कंपाउंडर, जिंकले तुमी." आणि वहिनी, खरं सांगू? जी भिंत इतकी वर्षं मागत होतो ती समोर आली आणि मलाच नकोशी झाली. वाटेभर मी पाटलांना विनवत होतो. बायांना दोन्ही पाहिजे, पाटील, पायही आणि पायरीही. तुमचंच वाक्य. मी तुमच्या बाजूनं भांडत होतो आणि तुम्ही ऐकायला नव्हतात, याचा मला इतका राग आला!

बारवेवर आलो. ती पोरगी वरच्या धोंड्यावर बसली होती, पाय घंगाळात. ओठ दाताखाली, गालावरून पाणी वाहत होतं. सोपानाची आई खालून कळशी घेऊन चढत होती, तिच्यामागे दुसरी.

पाटलांनी दरडावून विचारलं, "खाली उतरल्ती का?"

तिनं पदर पुढे ओढून मान हलवली.

"कुणी अडवलं तुला, बाळ?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मग? आग तर होतीय एवढी. तुमच्याकडे तर पाण्यात जाऊन बसतात."

"आमच्याकडं बसतेत," ती म्हणाली. "पर इथं तसं न्हाई करत. इथं असंच असतंय."

पाटलांनी एकदा घंगाळाकडे, एकदा पोरीकडे बघितलं. मग मिस्त्रीला म्हणाले, "जा रे घरी." दगड अजून तिथंच आहेत. परवा त्यांच्यावर कुणाच्या तरी कुरडया होत्या.

तुमचं बरोबर होतं, वहिनी. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं. मी गावाभोवती भिंती घालत बसलो असतो आणि तुम्ही गावाला नवी रीत लावून गेलात. त्या पोरीचा किडा मी रोज काडीला गुंडाळतो आहे, निम्म्याहून जास्त आला. बोलकी आहे. काल मला म्हणाली, तुमच्या गावात जुन्या काळापासून असंच करतेत का? मी उत्तर देणार होतो. तुमचं नाव ओठावर आलं होतं. पण बायांपैकी कुणीतरी मला आधीच गप्प केलं, "तर काय, आमच्या सासवांपासून!"

तिला तसंच वाटतं आहे. वाटू दे.